गावातल्या युवा केंद्रात मुलं का टिकत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव अडीच-तीन हजार वस्तीचं. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवले, वापरात नसलेलं समाजमंदिर रंगवून घेतलं, कॅरम, पुस्तकं, स्पर्धा परीक्षांची मासिकं आणि एक संगणक आणला. तेरा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी रोज संध्याकाळी पाच ते आठ केंद्र उघडं असतं आणि दर रविवारी कुणा पाहुण्यांचं मार्गदर्शन असतं. पहिल्या महिन्यात चाळीसेक मुलं यायची. आता जून उजाडला तर सहा-सातच येतात, त्यांत मुलगी एकही नाही. समितीतली मंडळी म्हणतात, आजकालच्या पोरांना मोबाइलशिवाय काही नको. आणि तुम्ही विचारताय की आणखी कोणते उपक्रम घेतले म्हणजे मुलं परत येतील.

उपक्रम वाढवून हे सुटणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सोलापूर-धाराशिवच्या पट्ट्यातल्या गावांत आणि तालुक्याच्या ठिकाणच्या वस्त्यांत मी गेली वीसेक वर्षं याच वयाच्या मुलांबरोबर काम करते आहे. तुमच्या लिहिण्यातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: 'किल्ली निवृत्त गुरुजींकडे असते, ते आले की केंद्र उघडतं.' गुरुजींबद्दल माझी तक्रार नाही, ते रोज येतात हीच मोठी गोष्ट आहे. पण वेळ, खेळ, पुस्तकं, पाहुणे, बसायचं कसं, बोलायचं किती, हे सगळं तुमच्या नऊ जणांच्या समितीनं ठरवलंय, आणि त्या समितीत पस्तिशीच्या आतलं कुणी नाही. मुलांच्या वाट्याला फक्त हजर राहणं आलं. हजर राहायला त्यांना शाळा आहे, क्लास आहे. तिसऱ्या ठिकाणी जाऊन हजेरी लावायची तर त्यांना काही तरी कारण हवं.

म्हणून खरा प्रश्न मी असा मांडीन: गावातली मोठी माणसं कोणते निर्णय आणि किती पैसे खरोखर मुलांच्या हाती द्यायला तयार आहेत, आणि ते दिल्यावर त्यांच्यासोबत टिकून कोण राहणार आहे?

याचं उत्तर गावागणिक बदलतं, हे आधीच सांगते. समाजमंदिर कोणत्या आळीत आहे? ते एका समाजाच्या वस्तीला लागून असेल, तर दुसऱ्या वस्तीतली मुलं पहिल्या महिन्यात उत्सुकतेनं येतात आणि नंतर घरून सूचना मिळाली की थांबतात. तोंडावर हे कुणी बोलणार नाही, तुम्हाला यादी काढून बघावं लागेल. गळलेली मुलं कोणत्या वस्तीतली आहेत हे पाहिलंत, तर अर्धं उत्तर तिथंच मिळेल असं मला वाटतं. गावातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत का? असतील तर दिवाळीनंतर काही मुलं पाच-सहा महिने गावात नसतातच, त्यांना 'अनियमित' म्हणून नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्युनिअर कॉलेज गावात आहे की मुलं एसटीनं तालुक्याला जातात? शेवटची गाडी साडेसहाला येत असेल, तर पाच ते आठ ही वेळ त्या मुलांसाठी नव्हतीच. मला हे तपशील माहीत नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या गावाला लावून पाहा.

तरुणांचा सहभाग खरा आहे की नावापुरता, हे तपासायला मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मांडलेली शिडी मला आजही उपयोगी पडते. तिच्या आठ पायऱ्या आहेत. खालच्या तीन पायऱ्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत: मुलांना आपल्या हेतूसाठी वापरून घेणं, त्यांना शोभेपुरतं उभं करणं आणि नावाला प्रतिनिधी करणं. आपल्याकडे स्वागतगीत गाणाऱ्या मुली, फलक धरून फेरीत चालणारी मुलं आणि व्यासपीठाच्या कडेच्या खुर्चीवर बसवलेला 'युवा प्रतिनिधी' हे सगळं त्या तीन पायऱ्यांवर येतं. पण लोक एक गोष्ट विसरतात. सगळ्यात वरच्या पायरीवर मुलं एकटी नसतात. तिथं सुरुवात मुलांची असते आणि निर्णय मोठ्यांबरोबर मिळून होतात. म्हणजे 'घ्या किल्ली, करा काय करायचं ते' असं म्हणून समितीनं अंग काढून घेणं, हेही माझ्या मते उत्तर नाही. मी पाहिलेल्या गावांत असं झालं तिथं दोन-तीन दांडगी पोरं खोलीचा ताबा घेतात आणि बाकीची मुलं निमूट निघून जातात.

आता मोबाइलबद्दल. हीच मुलं तुमच्याच गावात दुसरीकडे किती टिकून काम करतात, ते बघा. पहाटे पाचला तालुक्याच्या रस्त्यावर घड्याळ लावून पळणारी पोलीस भरतीची पोरं असतील. मुलांचे १६०० मीटर, मुलींचे ८०० मीटर, गोळाफेक, सगळ्याचा हिशेब त्यांच्या वहीत असतो. त्यांना पहाटे कोण उठवतं? त्यांच्यातलाच एखादा, मागच्या भरतीत दोन गुणांनी राहिलेला. कबड्डीचा संघ असेल. गणेश मंडळ तर असणारच.

मंडळाकडे मी नेहमी नीट बघायला सांगते. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाची जी परंपरा चालत आली, तिनं महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांना घराबाहेरचं पहिलं जबाबदारीचं काम दिलं असेल! चौदा वर्षांचा मुलगा वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन दारोदार जातो, नकार ऐकतो, पैसे मोजून आणून देतो. सोळाचा मुलगा मांडववाल्याशी भाव करतो. वीस-बावीसचा दादा परवानगीसाठी पोलीस ठाण्यात जातो आणि लहानाला सोबत नेतो. तारीख ठरलेली असते, ती कुणासाठी हलत नाही. काम चुकलं तर सगळ्या गावाला दिसतं. राष्ट्र सेवा दल या मुला-तरुणांच्या संघटनेच्या शाखांतही काहीसं हेच होतं. १९४१ साली समाजवादी नेते एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली दल नव्यानं उभं राहिलं, तेव्हापासून संध्याकाळच्या खेळांची, गाण्यांची, श्रमदानाची जबाबदारी घेणारी मुलं बाकीच्यांपेक्षा फार मोठी नसत. खरं काम, दिसणारा परिणाम आणि जवळच्या वयाचा सोबती, हे मिळालं की मुलं टिकतात, असा माझा अनुभव आहे.

मंडळाच्या मर्यादाही मला दिसतात. मुली आरतीपुरत्या, रांगोळीपुरत्या. पैसा एखाद्या पुढाऱ्याकडून आला की निर्णयही त्याचेच होतात. आणि दहा दिवस संपले की सगळं थांबतं. तेव्हा मंडळाची नक्कल करू नका, पण तिथं मुलांना जे मिळतं ते तुमच्या केंद्रात कुठं मिळतंय, हे समितीच्या बैठकीत मोकळेपणानं विचारा.

मी स्वतः नव्या गावात काम सुरू करते तेव्हा पहिला महिना मोठ्या माणसांबरोबर घालवते. सरपंच, गुरुजी, अंगणवाडीताई, आशाताई, बचत गटाच्या दोघी-तिघी, मंडळाचा अध्यक्ष, यांना बसवून एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखते: मुलांनी ठरवायचं, दोघांनी मिळून ठरवायचं, मोठ्यांनीच ठरवायचं. मग एकेक निर्णय घेऊन तो कोणत्या रकान्यात जातो ते बोलायचं. ही बैठक अवघड जाते. सुरुवातीला सगळं तिसऱ्या रकान्यात जातं. 'भिंतीचा रंग कोण ठरवणार?' यावर एका गावात तासभर वाद झाला होता. पण तो वाद मुलं येण्याआधी झालेला बरा. दिलेला अधिकार मध्येच काढून घेतला की मुलांचा विश्वास पुन्हा बसायला फार काळ जातो.

माझ्या मते पहिल्या रकान्यात हे हवं: कोणते खेळ आणि उपक्रम घ्यायचे, कुणाला बोलवायचं, खोलीचे नियम काय, नियम मोडला तर काय करायचं, आणि दरमहा एक ठरावीक छोटी रक्कम. दुसऱ्या रकान्यात उघडण्याची वेळ, मोठा खर्च, गावाबाहेरच्या सहली, गावकीशी संबंध येईल अशी कामं. तिसरा रकाना लहान ठेवा, पण ठाम ठेवा. मुलांची सुरक्षितता त्यात येते. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गावाची अब्रू, घरातलं प्रकरण, अशा कारणांनी ते दाबता येत नाही, आणि ते मुलांवर सोपवायचंही नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक खोलीत मोठ्या अक्षरात लावा. कुणीही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर दार लावून बसणार नाही, हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर वाचून दाखवा. गुरुजींनाही तो लागू, मलाही.

पैशांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण समित्या इथंच अडतात. महिन्याला दोन हजार रुपये मुलांच्या हाती द्या. खर्चावर तिघांच्या सह्या, त्यांत एक मुलगी. हिशेबाची वही त्यांनी लिहायची आणि महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर वाचायची. तुम्हाला न पटणारी खरेदी झाली तर थांबवू नका, फक्त वाचनाच्या दिवशी विचारा की याचा उपयोग किती झाला. एका गावात मुलांनी दोन महिन्यांचे पैसे साठवून स्पीकर आणला. समितीतल्या काहींनी डोक्याला हात लावला, एकानं राजीनाम्याची भाषा केली. पुढच्या वाचनाच्या वेळी मुलींनीच विचारलं की तो स्पीकर मुलांशिवाय कुणी हातात तरी घेतला का. त्यावरून बरीच वादावादी झाली. शेवटी मुलींच्या कवायतीसाठी आठवड्यातले दोन दिवस आणि गावातल्या बारशा-वाढदिवसाला भाड्यानं देण्याचा दर, असं दोन्ही ठरलं. हे समितीनं ठरवलं असतं तर कुणी पाळलं नसतं. मुलांनी ठरवलं, वहीत लिहिलं आणि भाडं थकवणाऱ्या घरी तीच मुलं मागायला गेली.

आता सोबत राहणाऱ्या मोठ्या माणसांविषयी. रविवारच्या पाहुण्यांचं मार्गदर्शन काही महिने बंद करा. आलेला माणूस तासभर बोलून गेला की मुलांचं त्याच्याशी नातं जुळत नाही. अमेरिकेतल्या सर्च इन्स्टिट्यूटनं १९९० मध्ये मुलांच्या वाढीला आधार देणाऱ्या गोष्टींची जी मांडणी केली आणि पुढे चाळीस गोष्टींपर्यंत नेली, त्यात एक मुद्दा असा आहे की आईवडिलांखेरीज किमान तीन मोठ्या माणसांचा आधार मुलाला असावा. दुसरा असा की समाजात मुलांना उपयोगाची भूमिका मिळावी. मांडणी तिकडची आहे, ती जशीच्या तशी आपल्याकडे उतरवावी असं मी म्हणत नाही. पण आत्या, काका, आजी अशी माणसं घरात असलेल्या आपल्या गावातही हा पहिला मुद्दा खरा ठरताना मी पाहिला आहे. काकाला सांगितलं की ते वडिलांपर्यंत जातं. घराबाहेरचा, पण आपला म्हणता येईल असा माणूस मुलांना हवा असतो.

असा माणूस शिकलेलाच हवा असं नाही. माझ्या पाहण्यातले सगळ्यात चांगले सोबती म्हणजे एक मोटरसायकल दुरुस्त करणारे दादा, एक आशाताई आणि शिवणकाम करणाऱ्या एक काकू. तिघांची सवय सारखी होती. ते आधी ऐकायचे, सल्ला मागितल्यावर द्यायचे आणि 'येतो' म्हणाले की यायचे. तुम्ही दोन माणसं शोधा, त्यांत एक बाई असलीच पाहिजे. आठवड्यातली एक संध्याकाळ, वर्षभर, इतकंच मागा. वर्ष जमणार नसेल तर त्या माणसानं सुरुवातच करू नये, असं मी स्पष्ट सांगते. लळा लावून निघून जाणाऱ्या माणसांची या वयात मुलांना फार झळ लागते. गुरुजींनाही यात स्थान आहे. पण ज्यांनी मुलांना वर्गात शिकवलं त्यांच्यासमोर मुलं उत्तरं द्यायला बसल्यासारखी बसतात. म्हणून गुरुजींना आठवड्यातले दोन दिवस अभ्यासिकेचे द्या आणि बाकीचे दिवस किल्ली मुलांच्या पाळीनं फिरू द्या. हे त्यांना समितीनं कळवू नये, तुम्ही घरी जाऊन आदरानं बोला.

मुली का येत नाहीत, याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. मला वाटतं प्रश्नाचा मोठा भाग तिथंच आहे. दिवेलागणीनंतर मुलगी समाजमंदिरात कशी जाणार? तिथं कॅरमभोवती मुलं, दारात आणखी चार जण उभे. शिवाय त्या वेळी तिच्यावर घरचं काम असतं. तुमच्या वेळेतच मुली वगळल्या गेल्या. मी सुरुवातीला मुलींसाठी वेगळा वेळ ठेवते, बहुतेक ठिकाणी दुपारी चार ते साडेपाच किंवा रविवारी सकाळी. त्या आधी काकू नाहीतर आशाताई घरोघरी जाऊन आयांशी बोलतात. तिथं काय होतं, कोण असतं, किती वाजता मुलगी घरी येईल, हे सरळ सांगायचं. मुलींचा गट चार-पाच महिन्यांत पक्का झाला की महिन्याची एकत्र बैठक सुरू करायची. ही घाई केली की मुली येतात, कोपऱ्यात बसतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. लग्नसराईत एखादी मुलगी अचानक यायची थांबली तर चौकशी करा. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार लग्नाच्या वेळी मुलीचं वय अठरा पूर्ण हवं. आपल्याकडे गावपातळीवर बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणून ग्रामसेवकांवर जबाबदारी आहे. तिच्या मैत्रिणी हे तुम्हाला सांगतील, पण तक्रारीचा भार त्यांच्यावर टाकू नका. गावात त्यांना राहायचं असतं आणि त्यांच्या घरच्यांना जाब विचारला जातो. मुलींनी सांगायचं, पुढचं मोठ्यांनी करायचं आणि नाव कुणाचं घ्यायचं नाही. मोठ्यांची भागीदारी खरी आहे की नाही हे मुली अशा प्रसंगातच ओळखतात.

इथवरचं एकदा सांगते: गळलेल्या मुलांची यादी वस्तीप्रमाणे काढा, तीन रकान्यांचा कागद मोठ्यांबरोबर बसून भरा, दोन टिकणारी माणसं शोधा, मुलींची वेळ वेगळी ठेवा, दरमहाचे पैसे आणि वही मुलांकडे द्या. कॅरम आहे तसा राहू द्या.

त्यानंतर ग्रामपंचायतीचा विषय येतो. ग्रामसभेत मताचा अधिकार अठरा वर्षांनंतरचा आहे, त्यामुळे तुमची बहुतेक मुलं तिथं मतदार नाहीत. पण गावच्या बाल संरक्षण समितीत मुलांचे प्रतिनिधी असण्याची तरतूद आहे. तुमच्या गावात ती समिती कागदावर आहे की बसते, हे ग्रामसेवकांना विचारा. मुलांना गावाचा एक छोटा प्रश्न निवडू द्या. एसटी थांब्यापासून वस्तीपर्यंत दिवा नाही, शाळेतल्या मुलींच्या शौचालयाला कडी नाही, मैदानात काचा पडतात, असे प्रश्न मुलांना आपल्यापेक्षा नेमके ठाऊक असतात. त्यांनी पाहणी करायची, नकाशा काढायचा, खर्चाचा अंदाज विचारून आणायचा. सोबतीच्या माणसानं फक्त कुठं जायचं ते दाखवायचं. सरपंचांशी तुम्ही आधी एवढंच ठरवून घ्या की मुलांना महिन्याभरात लेखी उत्तर मिळेल. उत्तर 'नाही' असलं तरी चालेल, कारण मात्र लिहिलेलं हवं. निधी नाही असं कळलं की मुलं पुढचा मार्ग शोधतात. उत्तरच आलं नाही तर आपलं बोलणं कुणी ऐकत नाही, असं त्यांच्या मनात घट्ट बसतं, आणि मग ती ग्रामसभेकडे मोठेपणीही फिरकत नाहीत.

पैसे देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना हे सगळं आत्ताच कळवा. पहिल्या वर्षी कार्यक्रमांचे फोटो कमी येतील, आकडाही लहान दिसेल. त्यांनी हजेरी विचारली तर ती द्या, पण सोबत आणखी तीन गोष्टी लिहून पाठवा: या महिन्यात मुलांनी कोणता निर्णय घेतला, कोणत्या वस्तीतून नवीन मूल आलं, आणि गेलेल्यांपैकी कोण परतलं. नवी वस्तू पाठवण्याची त्यांची इच्छा असेल तर मुलांच्या बैठकीत विचारून मगच होकार द्या.

सुरुवात आता येणाऱ्या सहा-सात मुलांपासून करा. त्यांनाच विचारा की बाकीचे का येत नाहीत, आणि न येणाऱ्यांशी बोलायला त्यांनाच पाठवा. तुम्ही गेलात तर 'अभ्यास असतो' एवढंच ऐकायला मिळेल. शाळा नुकत्याच सुरू झाल्या आहेत. रकान्यांची बैठक आषाढात उरकली तर श्रावणात मुलांचा गट बसता होईल, पण त्यानंतर गणपतीत निम्मी मुलं मंडळात गुंततील. ती केंद्रावर आली नाहीत म्हणून रागावू नका. मुलांचा प्रश्न १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत न्यायची घाई करू नका, २ ऑक्टोबरची धरा. तोवर मुलींच्या गटाचेही तीन महिने झालेले असतील आणि बोलायला उभं कोणी राहायचं, हे त्यांना आपसात ठरवता येईल.